उतारावर लावलेली गाडी

ज्या घरी जुनी डिझेल गाडी आहे, त्या घरातली सगळी माणसे पहाटे एका आवाजाकडे कान लावून असतात. घरधनी केबिनमध्ये चढतो, चावी फिरवतो आणि सेल्फ मारतो. इंजिन धडधडत उठले की आत चुलीजवळ बसलेली बाई निर्धास्त होते. नाही उठले, तर तिच्या हातातले पीठ हातातच राहते. आमच्या घरी 1997 च्या दिवाळीनंतर हा आवाज बिघडला, आणि त्याचे खरे कारण सापडायला पुढच्या वर्षीचा मृग लागला. मधल्या सात महिन्यांत पैसे गेले, ते गेलेच. पण पैशाहून मोठे काहीतरी जायचे होते, ते थोडक्यात राहिले. ती हकीकत वाचकांना सांगावी असे फार दिवस मनात होते.

कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, चढावर आमची वाडी. तालुका खालापूर, पण बाजारहाट कर्जतचा. गाडी म्हणजे टाटाची सहाचाकी, 697 इंजिनाची, दोन मालक वापरून झाल्यावर माझ्याकडे आलेली. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. दसऱ्यापासून वळवाच्या पावसापर्यंत वीटभट्टीचा हंगाम. कर्जत-नेरळच्या भट्ट्यांवरून विटा भरायच्या, चौकला मुंबई-पुणे हायवे धरायचा आणि पनवेल, कळंबोली, खारघरकडे खाली करायच्या. नव्या मुंबईत तेव्हा इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या. द्रुतगती मार्ग पुरा व्हायला अजून चार वर्षे होती, त्यामुळे सगळी रहदारी त्या एकाच रस्त्यावर. पहाटे पाचला निघालो तर दोन खेपा होत, सातला निघालो तर एकच. त्या एका खेपेत डिझेल, किन्नराचा पगार आणि कर्जाचा हप्ता काही बसत नव्हता. किन्नर म्हणजे माझा भाचाच, सोळा-सतरा वर्षांचा.

थंडी पडली तशी गाडी पहाटे कुंथू लागली. चावी फिरवली की ऊंऽऽ... ऊंऽऽ... असा जड आवाज यायचा आणि शेवटी टक् करून सगळे गप्प. दुपारी इंजिन गरम असले की हीच गाडी कशीबशी उठायची. याला कारण आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. तिथे हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. हवा तापायची तर इंजिन झपाट्याने फिरले पाहिजे. सेल्फने ते हळूहळू फिरवले, तर दाबलेली हवा थंड लोखंडाला उष्णता देऊन मोकळी होते. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि इंजिन काही पकडत नाही. म्हणजे डिझेल गाडीचा सेल्फ नुसता फिरून चालत नाही, जोरात फिरावा लागतो.

मी पहिला दोष बॅटरीला दिला. सगळेच देतात. गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठी एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. पैसे कमी होते म्हणून मी एकच नवी आणली आणि दुसरी जुनीच ठेवली. ही माझी पहिली चूक. जोडीने ओढणाऱ्या बैलांत एक तरणा आणि एक म्हातारा जुंपल्यासारखे ते आहे. म्हातारा आधी दमतो आणि तरण्यालाही खराब करतो. चार दिवस गाडी बरी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा ऊंऽऽ. मग सौ.ची अंगठी मोडून दुसरीही बॅटरी नवी घेतली. पुन्हा आठवडाभर बरे, आणि पुन्हा तेच.

तेव्हा हायवेवरच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रीने आवाज ऐकला आणि दोन मिनिटांत सांगून टाकले, “सेल्फ गेला.” सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, आर्मेचर घासले, आणि बिल हातात दिले. गाडी तिथे एका झटक्यात उठली. मला वाटले, सुटलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच रडका आवाज. मी परत गेलो तर मिस्त्री म्हणाला, “आर्मेचरच कमजोर आहे, दुसरा सेल्फ बसवा.” कर्जावर कर्ज काढून दुसरा बसवला. तो महिनाभर चालला.

याच काळात माझा भाचा एकदा म्हणाला होता, “मामा, सेल्फ मारला की स्पीडोमीटरची केबल गरम लागते. हात भाजला माझा.” मी त्याला झटकले. म्हटले, “बिघाड सेल्फमध्ये आहे, तू मीटरच्या केबलला कशाला हात लावतोस?” तो बिचारा पुन्हा काही बोलला नाही.

आणि मग मी ते केले, जे जुन्या गाडीचा प्रत्येक मालक कधी ना कधी करतो. सेल्फचा नाद सोडला आणि गाडी उतारावर लावायला लागलो. आमच्या वाडीत शिरणारा रस्ता चांगला शे-दीडशे पावले उताराचा. वरच्या टोकाला गाडी लावायची, मागच्या-पुढच्या चाकाला दगड द्यायचा. पहाटे भाच्याने दगड काढायचा, गाडी घरंगळू लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. धक्क्याने इंजिन फिरते आणि उठते. पैसा नाही, मिस्त्री नाही. मला स्वतःच्या हुशारीचे कौतुक वाटत होते.

त्यात धोका किती आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. रात्रभरात ब्रेकच्या टाकीतली हवा उतरलेली असते. इंजिन उठल्याशिवाय ती भरत नाही. म्हणजे विटांनी भरलेली गाडी उतारावर सुटते, तेव्हा तिचे ब्रेक निम्मेसुद्धा लागत नाहीत. इंजिनाने पकडले नाही तर काय, हा प्रश्न मी रोज पहाटे मनातल्या मनात गिळत होतो. शिवाय हँडब्रेकची केबल ताणून सैल झालेली. आणि पहाटे सोपे जावे म्हणून मी गाडी गिअरमध्ये न ठेवता न्यूट्रलमध्येच ठेवत होतो. इतकी सगळी पापे एका दगडाच्या भरवशावर चालली होती.

उताराच्या तळाशी आमचे समाजमंदिर. त्याला पुढे दगडी ओटा, वर पत्रा आणि एक ट्यूबलाईट. वाडीतल्या बऱ्याच घरांत तेव्हा एकच बल्ब, तोही मिणमिणता. म्हणून दिवेलागणीला पोरे अभ्यासाला त्या ओट्यावर बसत. जागेवरून भांडणे होत, म्हणून आधीच कोणी दप्तर, कोणी चटई ठेवून जागा धरून जाई.

1998 चा जून. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. हंगामातली शेवटची खेप म्हणून गाडी विटा भरून वर लावली होती. दुपारपासून मृगाचा पाऊस लागला. रस्ता मुरमाचा. चाकाखालच्या दगडाच्या बुडातला मुरूम पाण्याने हळूहळू वाहून गेला, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दगड सरकला. मी घरात चहा पीत होतो. गाडीचा आवाज आला नाही. इंजिन बंद असलेली गाडी आवाज करीत नाही, हे मला त्या दिवशी कळले. एकदम धाड् असा आवाज आला आणि विटा कोसळल्याचा खडखडाट.

गाडी ओट्याच्या कोपऱ्यावर चढून थांबली होती. ओट्याचे दगड उचकटले होते, पत्र्याचा एक खांब वाकून पडला होता. ओट्यावर कोणी नव्हते. पाऊस जरा ओसरू दे, मग जा, असे म्हणून घरोघरी आयांनी पोरांना थांबवून धरले होते. ज्या पावसाने दगड सरकवला, त्याच पावसाने पोरे वाचवली. पुढच्या चाकाखाली एक दप्तर होते. ते माझ्या थोरल्या मुलीचे होते. ती जागा धरून घरी आली होती.

सगळी वाडी जमली. मला वाटले आता शिव्या पडतील, कदाचित मारही पडेल. कोणी काही बोलले नाही. नात्याने माझी आत्या लागणारी एक म्हातारी पुढे आली, चाकाखालच्या दप्तराकडे बघितले आणि म्हणाली, “गाडी तुजी हाय बाबा, पण उतार समद्या वाडीचा हाय.” एवढेच बोलून ती निघून गेली. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही. सौ. म्हणाली, “अहो, गाडी विका नाहीतर दुरुस्त करा. आता ती उतारावर लागायची नाही.”

आमच्याच नात्यातले एक काका एस.टी.मधून निवृत्त झालेले. सारी नोकरी बसगाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेली. स्वभाव तिरकस, म्हणून मी इतके दिवस त्यांच्याकडे गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गेलो. ते सायकलवरून आले, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक मीटर, बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, आणि बॅटरीचे पाणी तपासायची काचेची नळी. मी विचारले, “काका, पाने आणले नाहीत?” ते म्हणाले, “पाना शेवटाला लागतो. आधी सांग, काय काय केलेस?”

मी सगळे सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे जे बदलले ते चार-आठ दिवस चालले आणि पुन्हा तेच झाले. दोन बॅटऱ्या, दोन सेल्फ सगळेच नासके निघाले? अरे, तू भाकरी करपते म्हणून तवे बदलतोयस. जाळ बघितलास का?”

गाडी सपाटीला आणून ठेवली होती. त्यांनी आधी दोन्ही बाजूंनी चाकांना दगड द्यायला लावले, गिअर न्यूट्रल आहे का ते स्वतः हलवून बघितले. नळीने बॅटरीचा एकेक कप्पा तपासला. आम्ल चांगले असेल तर नळीतला काटा 1.250 च्या वर दिसतो, 1.200 च्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली. सगळे कप्पे सारखे होते. मीटर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून 24.9 दाखवत होता. “बॅटरी सुटली,” काका म्हणाले. म्हणजे तिच्यावरचा आळ सुटला.

मग त्यांनी सौ.ला हाक मारली, “सूनबाई, केबिनमध्ये बस.” ती बावरली. आजवर तिने रात्री टॉर्च धरण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नव्हता. काकांनी तिला इंजिन बंद करायची तार ओढून धरायला सांगितली, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन सुरू न होता नुसते फिरेल. “मी ‘मार’ म्हटले की चावी फिरवायची, चार आकडे मोजायचे, सोडायची. जास्त नाही. सेल्फ तापतो.” भाच्याला हेडलाईटसमोर उभे केले. सौ.ने चावी फिरवली. ऊंऽऽ... टक्. भाचा ओरडला, “लाईट फारशी उतरली नाही, काका!” काकांनी माझ्याकडे बघितले. “बॅटरी मेलेली असती तर लाईट पार लाल झाली असती. बॅटरी द्यायला तयार आहे. कोणीतरी वाटेत अडवतोय.”

यानंतर त्यांनी जे केले, ते मी जन्मभर विसरलो नाही, आणि या लेखाचा सगळा जीव त्यातच आहे. सेल्फ फिरत असताना त्यांनी बॅटरीवर मीटर धरला : 23.4 व्होल्ट. मग सेल्फच्या मोठ्या बोल्टवर एक टोक आणि सेल्फच्या अंगावर दुसरे : 15.5. म्हणजे जवळजवळ आठ व्होल्ट वाटेत हरवत होते. वाटा दोनच. एक जाण्याची, बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फपर्यंत. दुसरी परत येण्याची, सेल्फच्या अंगापासून इंजिन, चेसिस आणि बॅटरीच्या वजा टोकापर्यंत. जाण्याच्या वाटेच्या दोन टोकांना मीटर लावला : 0.4. वाट चांगली. परतीच्या वाटेला लावला : 7.5. काका हसले. परतीची वाट पुन्हा दोन तुकड्यांत मोजली. बॅटरीपासून चेसिसपर्यंत 0.1. चेसिसपासून इंजिनापर्यंत 7.4.

“सापडला चोर. पाना आण आता.”

इंजिन चेसिसवर थेट बसवलेले नसते. हादरे बसू नयेत म्हणून मध्ये रबराचे तुकडे असतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी टाकलेली असते. ती आमच्या गाडीत खाली, चिखल आणि ऑईलच्या थरात दडलेली होती. खरवडून बघितली तर तांबे हिरवे पडलेले, निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, आणि बोल्टाखाली गंज. पण काकांनी ती लगेच काढली नाही. आधी एक जाड केबल घेऊन तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे चेसिसला घट्ट आवळले. “सूनबाई, मार.” इंजिन गरागरा फिरले. सात महिन्यांत तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. सौ. केबिनमध्येच रडू लागली. काका म्हणाले, “आधी खात्री, मग दुरुस्ती. आता काढ ती पट्टी.”

बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केले, नवी केबल घट्ट बसवली, वरून ग्रीस लावले. सगळ्याला मिळून शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. मी त्यावर दोन बॅटऱ्या, एक दुरुस्ती आणि एक अख्खा सेल्फ घातला होता.

मी काकांना विचारले, “मग दर वेळी काही दिवस गाडी बरी का चालायची?” ते म्हणाले, “नवी बॅटरी जरा जास्त जोर लावते, तेवढे दिवस निभावते. सेल्फ उतरवताना-चढवताना पट्टी हलते, गंज खरवडला जातो, चार तारा पुन्हा लागतात. तुला वाटते सेल्फने गाडी बरी झाली.” आणि हेडलाईट व्यवस्थित का लागायची? हेडलाईटची परतीची वाट थेट चेसिसमधून, तिचा या पट्टीशी संबंधच नाही. शिवाय बल्बला दोन-तीन अँपिअर पुरतात. मोठ्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढतो. एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा म्हणजे बल्बला काहीच नाही. पण तीनशे अँपिअर जायचे असतील तर तेवढ्यानेच तीन व्होल्ट खाल्ले जातात. एका माणसाला पायवाट पुरते, मोर्चाला पुरत नाही.

मग काकांनी माझ्या भाच्याला विचारले, “तुला काही वेगळे दिसले होते का रे?” तो माझ्याकडे बघत घाबरत घाबरत म्हणाला, “केबल गरम लागायची.” काकांनी त्याची पाठ थोपटली. पट्टी तुटली की वीज परत यायला मिळेल ती वाट शोधते. स्पीडोमीटरची केबल एका टोकाला गिअरबॉक्सला आणि दुसऱ्या टोकाला केबिनला जोडलेली असते. सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत येत होता, म्हणून ती तापत होती. पोराने पहिल्या महिन्यातच रोग सांगितला होता. मी मामा आणि मालक, म्हणून ऐकला नव्हता.

आमच्या भागाला वीज नवी नाही. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, भिवपुरीचे 1922 साली. घाटावरून पाणी खाली आणून केलेली वीज इथून मुंबईच्या गिरण्यांना गेली. एवढ्या लांब गेलेल्या विजेच्या पायथ्याशी राहून मला माझ्या गाडीतल्या वीतभर पट्टीचे ज्ञान नव्हते. वीज जेवढी जाते तेवढी तिला परत यावी लागते, ही शाळेतली गोष्ट मी विसरलो होतो.

पुढे काकांच्या हाताखाली मी बरेच शिकलो. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी त्यातले थोडे सांगतो. सेल्फ आपल्या आवाजाने बहुतेक सगळे सांगतो.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही, तर आधी बॅटरीची टोके, कटऑफ आणि चावीपासून सेल्फकडे जाणारी बारीक वायर बघा. ठकठकठकठक असा भराभर आवाज आला, तर सेल्फवरचा सोलेनॉईड पकडतोय आणि सोडतोय. बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच दणदणीत टक् आणि पुढे शांत, तर सोलेनॉईड आतून जळालेला, कार्बन संपलेले, किंवा इंजिनच अडकलेले असू शकते. सेल्फ घूंऽऽ करून मोकळा फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स घसरतेय. करकर असे दळल्यासारखे झाले, तर पिनियन आणि रिंगचे दात तपासा, आणि दात खाल्लेले असतील तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरावा लागतो. आणि आमच्यासारखा जड, रडका आवाज असेल, तर वायरी आणि अर्थ तपासल्याशिवाय सेल्फ उतरवू देऊ नका.

हेही सांगतो की, दर वेळी पट्टीच खराब असते असे नाही. तसे समजून मी एकदा तोंडघशी पडलो. खोपोलीला एका ओळखीच्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली होती. आवाज जड. मी मोठ्या रुबाबात म्हटले, “अर्थ गेली आहे.” मोजायच्या आधीच म्हटले. दोन तास खाली पडून पट्टी घासली, काही फरक नाही. शेवटी मोजले तर सेल्फपर्यंत पुरेपूर व्होल्ट पोचत होते. त्याचे बुश झिजून आर्मेचर आतल्या बाजूला घासत होते, आणि गरम झाले की जास्तच. तो खरोखरच सेल्फचा दोष होता. गॅरेजवाल्या मिस्त्रीने जे माझ्याशी केले, तेच मी त्याच्याशी केले होते. तो न मोजता सेल्फ म्हणाला, मी न मोजता पट्टी म्हणालो.

काही गोष्टी जिवाच्या आहेत. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडून गाडी सुरू करणारे बहाद्दर आपण पाहतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागच्या जागी पुढे उडी घेते, आणि माणूस चाकापुढेच असतो. बॅटरीतून चार्ज होताना जो वायू निघतो तो ठिणगीने पेटतो, म्हणून तिच्याजवळ विडी नको. बॅटरी सोडवताना वजा टोक आधी सोडवायचे, जोडताना शेवटी जोडायचे. इंजिन उठल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर चावीशी खेळत न बसता ताबडतोब कटऑफ पाडायचा.

जुन्या काळी मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत, आणि उलटा झटका बसून कित्येकांची मनगटे मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला. माणसाचा हात वाचावा म्हणून निघालेली ती वस्तू. मी ती बिघडलेली ठेवून वाडीतली पोरे चाकाखाली घालायला निघालो होतो.

गाडी 2009 साली भंगारात दिली. भाचा आज स्वतःचे इलेक्ट्रिकचे दुकान चालवतो. काकांचा मीटर त्याच्याकडेच आहे. सौ.ला अजूनही कोणाच्या गाडीचा जड आवाज आला की ती आतून सांगते, “अर्थ बघायला सांगा त्यांना.” आणि मी लगेच म्हणतो, “आधी मोजायला सांग.” ज्या मुलीचे दप्तर चाकाखाली गेले ती पनवेलला शाळेत शिकवते. दप्तरातल्या पुस्तकांवर चाकाचा ठसा उमटला होता. नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ते वर्ष तिने त्याच पुस्तकांवर काढले.

ओट्याचा कोपरा मी स्वतः बांधून दिला, गवंड्याच्या हाताखाली मीच माल कालवला. दगड जुने लागले, पण सांध्यातले सिमेंट नवे, त्यामुळे तो तुकडा आजही वेगळा दिसतो. वाडीत आता घरोघरी चांगले दिवे आहेत, तरी परीक्षेच्या दिवसांत पोरे तिथे बसतात. आणि उताराच्या वरच्या टोकाला कोणी रिक्षा, टेम्पो लावून गेला, की मी काठी टेकत वर चढतो, त्याला हाक मारतो आणि विचारतो, “का रे, सेल्फ घेत नाही का?”